पावडरीचा शिक्का

आमच्या मधल्या जाऊबाईंसमोर आपल्या मनासारखं उभं राहायची सोय नाही. तुम्ही दारात दिसलात की त्यांचा हात आपोआप तुमच्या खांद्यावर येतो, खांदा बोटभर खाली दाबला जातो आणि हनुवटी भिंतीकडे वळवली जाते. मग त्यांना आठवतं की आपण घरी आहोत. "ये, बस," म्हणतात, आणि आपण आपला खांदा परत जागेवर आणून बसतो. घरात सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा झाला तर त्यांच्या हातात मोबाइल कुणी देत नाही. एकदा दिला होता. त्यांनी आम्हा नऊ जणांना श्वास रोखायला सांगितलं आणि सोडा म्हणायचं विसरल्या. त्या फोटोत आम्ही सगळे नुकतेच पाण्यातून बाहेर ओढल्यासारखे दिसतो.

तीस वर्षं त्या इस्पितळात बायकांच्या छातीचे फोटो काढतात. कर्करोगाची गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी तिचा माग काढायचा, त्यासाठी हे फोटो. इस्पितळातल्या बायकांनी त्यांना 'हलू-नका बाई' असं नाव ठेवलंय. ते त्यांना माहीत आहे आणि आवडतंही, फक्त तसं दाखवत नाहीत.

त्यांची खोली लांबलचक बोळाच्या टोकाला आहे. आत शिरलं की डाव्या हाताला पडदा, पडद्यामागे तीन खुंट्या आणि पाय हलणारं एक स्टूल. समोर माणसापेक्षा उंच मशीन, त्याला एकावर एक दोन पट्ट्या. खालची स्थिर, वरची खाली येणारी. या दोन पट्ट्यांमध्ये छाती दाबून धरायची, कारण जितकी ती सपाट तितका फोटो स्वच्छ. हे बायकांना समजावणं म्हणजे मांजरीला अंघोळीचे फायदे सांगणं. मधल्या वाद घालत नाहीत. खालची पट्टी आधी स्वतःच्या तळव्यांनी चोळून कोमट करतात आणि सांगतात, "दुखेल, पण चार श्वासांपुरतं. शिव्या द्यायच्या असतील तर मनातल्या मनात द्या. तोंड हललं की फोटो हलतो." अंगावर तीळ किंवा मस असेल तिथे छोटा टिकलीएवढा स्टिकर लावतात, म्हणजे फोटो बघणाऱ्या डॉक्टरीणबाई तिळाला गाठ समजायच्या नाहीत. दोन मिनिटांत बाई पडद्यामागे जाऊन गुंड्या लावत असते आणि एवढंच होतं होय, असं म्हणत असते.

मधल्यांचं खरं वैर आहे ते पावडरीशी.

त्याचं असं आहे की परक्या ठिकाणी कपडे उतरवायचे म्हटलं की बाई आधी घरून नीटनेटकी होऊन निघते. घासून अंघोळ, काखेत सेंट, आणि गळ्यापासून खाली हात पोचेल तिथवर पावडर. यात चूक काही नाही, मीही तेच केलं होतं. पण पावडरीचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन उमटतात. आणि डॉक्टरीणबाई शोधत असतात तेही पांढरे ठिपकेच. आजार अगदी अंकुरत असतो तेव्हा कधी कधी त्या जागी चुन्याचे बारीक कण साठतात, रव्याच्या कणाहूनही लहान. तेव्हा पावडर कुठली आणि चुना कुठला, हा घोळ.

म्हणून मधल्यांनी दारावर पाटी लावली: 'पावडर, सेंट, मलम लावून येऊ नये.' त्याखाली पेनानं लिहिलं, 'थोडीसुद्धा.' पुढे त्याखाली, 'काखेतसुद्धा.' तरी बायका यायच्या आणि शपथेवर सांगायच्या की नाही हो लावली, आणि फोटोत काखेजवळ पिठाची गिरणी दिसायची. रोज कागदावर तेच तेच लिहून कंटाळल्या तेव्हा त्यांनी चक्क रबरी शिक्का करून आणला: 'पावडर. पुसून पुन्हा.' जांभळ्या शाईचा. तो एकदा का कागदावर बसला की त्या बाईचे फोटो बाजूला राहायचे आणि बाईनं पुढच्या आठवड्यात स्वच्छ होऊन यायचं. शिक्का मारताना मधल्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी एरवी फक्त त्यांचे धुतलेले कपडे दोरीवर एका रेषेत आले की पाहिलंय. मला पावडरीनं कधी फसवलेलं नाही, असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंही होतं.

दोन वर्षांपूर्वी नवीन मशीन आलं. जुनं वरून एक आणि बाजूनं एक असे सपाट फोटो काढायचं. नव्याची मान छातीभोवती कमानीसारखी फिरते आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशा एका फोटोच्या चाळीस-पन्नास चकत्या करून देते. त्याच्या जोडीला आला संगणक. तो डॉक्टरीणबाईंच्या आधी सगळे फोटो बघतो आणि जिथे शंका येईल तिथे चौकोन काढतो. मधल्यांनी त्याचं नाव चौकोन्या ठेवलं. सुरुवातीला त्यानं एका बाईच्या जुन्या टाक्यांभोवती चौकोन काढला, एकदा स्टिकर लावायचा राहून गेलेल्या तिळाभोवती काढला. त्या आठवड्यात मधल्या घरी फार आनंदात होत्या. नवीन सून स्वयंपाकात चुकली की सासू असते तशा.

आता आमच्या थोरल्या जाऊबाईंकडे वळते.

आम्ही तिघी जावा एकाच इमारतीत राहतो. थोरल्या वरच्या मजल्यावर, मधल्या मधल्या, मी तळाला. बांधणाऱ्यानं नात्याचा क्रम बघूनच मजले चढवले असावेत. थोरल्या एकसष्ट वर्षांच्या, गोऱ्या, हौशी, आणि थापा मारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. थापा वाईट नसतात. कुणाचं नुकसान होत नाही, उलट ऐकणाऱ्याची घटकाभर करमणूक होते. पण दुकानातून आणलेला केक त्यांनी घरी केलेला असतो आणि शेजारणीचा भाचा विमान चालवत असतो. विमान कंपनीत सामान मोजतो बिचारा. त्यामुळे त्या खरं बोलतात तेव्हाही आमची 'लांडगा आला रे आला' ऐकल्यासारखी अवस्था होते. आणि पावडर म्हणाल तर डबा महिनाभर पुरत नाही. त्या जिन्यानं खाली उतरल्या की नाही हे मी घरात बसून वासावरून सांगू शकते.

तर अशा थोरल्या सहा वर्षं आज येते, उद्या येते करत मधल्यांना चुकवत होत्या. शेवटी यंदा मीच त्यांना घेऊन गेले. सकाळी वर गेले तर त्या तयार होऊन बसलेल्या. चेहरा कोरा, मान कोरी. म्हणाल्या, आज काही लावलं नाही बाई, नुसती धुऊन काढलेल्या वांग्यासारखी दिसतेय. मी हसले. जिना उतरताना त्यांच्या मागे वास नव्हता हे माझ्या ध्यानात आलं होतं, हे मात्र इथे नमूद करते, कारण पुढे मी ते बोलायला हवं होतं.

फोटो झाले. थोरल्यांनी मोठ्या आवाजात कण्हून घेतलं, मधल्यांनी हलू नका म्हणून घेतलं. मी पडद्याजवळच्या स्टुलावर बसले होते. फोटो संगणकाच्या पडद्यावर आले, आणि डाव्या बाजूला, काखेच्या जरा आत, पाच-सात पांढरे ठिपके. मधल्यांनी ते पाहिले, थोरल्यांकडे पाहिलं, आणि हसल्या. ते हसू मी ओळखते. तीस वर्षांच्या नोकरीत आणि अठ्ठावीस वर्षांच्या जावपणात जे हाती लागलं नव्हतं ते आज रंगेहाथ सापडलं होतं.

"ताई, थोडीशी तरी लावलीच ना?"

"अजिबात नाही. देवाशपथ."

"मागच्या महिन्यात केकचीही देवाशपथच होती."

आणि शिक्का बसला. बाहेर अकरा बायका बाकावर होत्या, मधल्यांना घाई होती. चकत्या उलटून बघायला दोन मिनिटं लागतात, ती त्यांनी वाचवली. मी मूग गिळून गप्प बसले. थोरल्या पडद्यामागे गेल्या. गुंड्या लावल्या, पर्स घेतली, आणि दारातल्या पाटीजवळ थांबून बाकावरच्या अकराही जणींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "मी पुन्हा या खोलीत पाऊल ठेवणार नाही." थोरल्यांच्या तोंडून निघालेल्या शंभर गोष्टी हवेत विरतात, पण रुसण्याच्या बाबतीत त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. थोरल्या भाऊजींच्या आत्याशी त्या एका चमच्यावरून एकोणीस वर्षं बोललेल्या नाहीत.

पाच दिवस जिन्यात शांतता होती. मधल्या म्हणत होत्या की येतील, कुठे जातात. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

सहाव्या दिवशी दुपारी मधल्या वेळेआधी घरी आल्या आणि आपल्या मजल्यावर न जाता माझ्याकडे आल्या. अंगात इस्पितळाचा पांढरा कोट तसाच. पाणी दिलं, प्यायल्या नाहीत. हळूहळू कळलं ते असं. चौकोन्याला मधल्यांचा शिक्का वाचता येत नाही. कागदावर काय उमटलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो सगळेच फोटो बघतो आणि संशयाचे आहेत ते डॉक्टरीणबाईंच्या यादीत वर टाकतो. त्यानं थोरल्यांचे वर टाकले होते. डॉक्टरीणबाई रजेवरून परत आल्या, यादी उघडली, फोटो बघितले, आणि मधल्यांना बोलावून एवढंच विचारलं, "तुम्ही चकत्या पाहिल्या होत्या का?"

पावडर कातडीवर असते. म्हणजे कण दिसायचे तर पहिल्या दोन-तीन चकत्यांत दिसणार, नाहीतर शेवटच्यांत. थोरल्यांचे कण बाविसाव्या चकतीपासून पंचविसावीपर्यंत होते. अगदी आत. मोठा करून फोटो घ्यायला हवा होता, आणि लवकर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तुम्ही फक्त बोलावून आणा, बाकी मी बोलेन.

"तू जा," मधल्या मला म्हणाल्या. "तुझं ऐकतील."

माझं आजवर कुणी काही ऐकलेलं नाही हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, शिक्का माझा नव्हता. तेव्हा त्या उठल्या. दोन मजले चढायला आम्हाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांचे सहा फोटो झाले असते.

थोरल्यांनी दार अर्धंच उघडलं. कोटाकडे बघून विचारलं, आलात त्या इस्पितळातर्फे की घरातर्फे. मी म्हटलं, घरातर्फे. मग पूर्ण उघडलं. चहा केला, मला दिला, स्वतः घेतला. मधल्यांसमोर रिकामी बशी ठेवली. चूक झाल्यासारखी नव्हे, नीट, मधोमध.

मधल्यांनी बशीकडे बघत बोलायला सुरुवात केली. नव्या मशीनची मान कशी फिरते, जुनं कसं होतं. थोरल्या खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी मधल्यांनी टेबलावरचं एक जाडसं पुस्तक उचललं. म्हणाल्या, जुनं मशीन म्हणजे हे पुस्तक मिटलेलं धरून उजेडासमोर वाचायचं, सगळ्या पानांची अक्षरं एकावर एक. त्यात डाग दिसला तर तो मुखपृष्ठावर आहे की आत, कोण सांगणार? म्हणून पुसून बघायचं. नवं मशीन पान पान उलटतं. पावडर असती तर मुखपृष्ठावर असती.

"आणि?" थोरल्यांनी विचारलं. मान वळली होती.

"तुमचे ठिपके मधल्या पानांवर आहेत."

थोरल्या क्षणभर हिशेब करत राहिल्या. मग कप खाली ठेवला. "म्हणजे मी पावडर लावली नव्हती."

"नव्हती."

"असं तू म्हणतेस."

"मी म्हणते."

"जरा मोठ्यानं म्हण. धाकटीला ऐकू आलं नसेल."

मला लख्ख ऐकू आलं होतं. पण मध्ये पडायची ती वेळ नव्हती. मधल्यांनी घसा साफ केला आणि शाळेत उभं राहून उत्तर द्यावं तसं सांगितलं, "ताई खरं बोलत होत्या. मी पानं न उलटताच शिक्का मारला. चूक माझी."

अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. थोरल्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पसरला की पावडरीच्या दहा डब्यांनी पसरला नसता. त्यांनी कपाटातून बिस्किटं काढली. मधल्यांच्या बशीत दोन ठेवली. तिसरं ठेवता ठेवता हात थांबला.

"पावडर नाही," त्या म्हणाल्या, "तर मग ते काय आहे?"

मधल्या म्हणाल्या, ते मी सांगायचं नसतं, डॉक्टरीणबाई सांगतील. पुष्कळदा काही नसतं, नुसता चुना असतो, वयानं येतो. पण मोठा फोटो काढून बघावं लागतं.

थोरल्या बिस्किट हातात धरून तशाच बसल्या. "बघ गं," शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जन्मात एकदा धडधडीत खरं बोलले. आणि आता वाटतंय, खोटं बोलले असते तर किती बरं झालं असतं."

मधल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खाली दाबला नाही, वळवला नाही. नुसता ठेवला.

मग अटी सुरू झाल्या. थोरल्या यायला तयार होत्या, पण फोटो मधल्यांनीच काढायचा. मधल्या म्हणाल्या, मी नको, दुसरी मुलगी चांगली आहे, माझा हात हलेल. त्यावर थोरल्या म्हणाल्या, तीस वर्षं जगाला हलू नका म्हणून सांगतेस, आता तूच हललीस तर लोक काय म्हणतील. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या खोलीत पाऊल ठेवणार नव्हत्या तिथे त्या कण्हायचं विसरून मुकाट उभ्या राहिल्या. मधल्यांनी खालची पट्टी इतका वेळ चोळली की शेवटी थोरल्यांनाच म्हणावं लागलं, पुरे, भाकरी भाजायची नाहीये.

मोठ्या फोटोत कण अणकुचीदार, ओळीनं लागलेले दिसले. डॉक्टरीणबाईंनी थोरल्यांना समोर बसवून सगळं दाखवलं आणि सुईनं त्या जागेचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकालाला आठ दिवस.

ते आठ दिवस आम्हाला जड गेले, आणि त्याचं एक कारण असं की थोरल्यांनी थापा मारणं बंद केलं. भाजी कशी झाली विचारलं तर खारट म्हणायच्या. माझे नवे पडदे बघून म्हणाल्या की रंग फसलाय. खालच्या शेजारणीनं वय विचारलं तर एकसष्ट सांगितलं. ते ऐकून मधल्या त्या रात्री जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, धाकटे, ताईंना फार भीती वाटतेय गं.

निकाल आला तेव्हा आम्ही तिघीही डॉक्टरीणबाईंच्या समोर होतो, खुर्च्या दोनच होत्या म्हणून मधल्या उभ्या. कर्करोगाच्या पेशी होत्या. पण दुधाच्या बारीक नळीच्या आतच, नळीची भिंत ओलांडून बाहेर न पडलेल्या. जागा वाटाण्याएवढी. तेवढा भाग काढायचा, नंतर काही आठवडे किरणांचे उपचार, मग ठरावीक दिवसांनी फोटो. हाताला यातलं काहीच लागलं नसतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लागलं असतं तेव्हा गोष्ट वेगळी असती. थोरल्यांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मागे न बघता हात मागे केला. तो मधल्यांनी धरला.

मधल्या आता प्रत्येकीच्या चकत्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत उलटतात आणि मगच पावडरीचं नाव काढतात. बाकावरची रांग त्यामुळे लांबते, बायका कुरकुरतात. चौकोन्याशी त्यांची अजून सलगी झालेली नाही, पण सकाळी त्याची यादी आली की सगळ्यात आधी ती बघतात. विचारलं तर म्हणतात, सहज.

शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. तिसऱ्या दिवशी थोरल्यांना घरी आणलं तेव्हा इमारतीच्या दारातच खालची शेजारीण भेटली आणि काळजीनं विचारपूस करू लागली. थोरल्या गाडीचं दार धरून उभ्या होत्या, रंग उतरलेला, ओठ सुकलेले. पण शेजारणीला बघून त्यांनी मान ताठ केली.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन झाल्यावर मी आपली चालत खोलीत आले. डॉक्टर बघतच राहिले. म्हणाले, असा पेशंट आमच्या उभ्या आयुष्यात पाहिला नाही."

ऑपरेशनच्या खोलीतून त्यांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं, आणि ती खुर्ची ढकलली होती मधल्यांनी. दारात वळवताना त्यांचं बोट चेंगरलं, ते अजून काळंनिळं होतं. शेजारीण थोरल्यांना ओळखून आहे. तिनं खरं काय ते विचारावं तसं मधल्यांकडे पाहिलं.

मधल्यांनी थोरल्यांची पिशवी खांद्याला लावली.

"हो," त्या म्हणाल्या. "चालत. आणि तेही भराभर. आम्हीच मागे पडलो."

मग त्यांनी थोरल्यांचा हात धरला आणि जिन्याच्या पायरी पायरीवर थांबत त्यांना वर नेलं.